टेक्नोव्हेशन गर्ल्स : उपक्रम उत्तम, पण संध्याकाळच्या एसटीचे काय?

टेक्नोव्हेशन गर्ल्स हा ८ ते १८ वर्षे वयाच्या मुलींसाठी चालवला जाणारा, कोणतेही शुल्क नसलेला आंतरराष्ट्रीय उपक्रम आहे. भारतात वाढलेल्या आणि एरोस्पेस अभियांत्रिकी शिकलेल्या तारा च्क्लोव्स्की यांनी २००६ साली अमेरिकेत ‘इरिडेसंट’ नावाची संस्था स्थापन केली. मुलींसाठीचा हा उपक्रम त्या संस्थेने २०१० मध्ये सुरू केला, आणि तो इतका वाढला की पुढे संस्थेनेच त्याचे नाव धारण केले. आपल्या परिसरातील एखादी अडचण निवडायची, ती सोडवण्यासाठी मोबाइल ॲप किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा एखादा प्रकल्प तयार करायचा आणि तो जगासमोर मांडायचा, एवढी त्याची चौकट आहे. जालना जिल्ह्यातील एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवत असताना मी या उपक्रमासाठी मुलींच्या गटांची मार्गदर्शक म्हणून काम केले, आणि त्या अनुभवाच्या आधारे हे परीक्षण लिहीत आहे. शहरातील इंग्रजी माध्यमाच्या शाळांना यातील काही अडचणी अनोळखी वाटतील. ग्रामीण भागातील शिक्षकांना आणि पालकांना मात्र त्या वाचताक्षणी ओळखू येतील, आणि हे लेखन मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

रचना थोडक्यात सांगते. मुलींचे वयानुसार तीन विभाग असतात: ८ ते १२, १३ ते १५ आणि १६ ते १८. एका गटात जास्तीत जास्त पाच मुली असू शकतात आणि गटासोबत एक प्रौढ मार्गदर्शक असतो. साधारण बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम संकेतस्थळावर दिलेला आहे. नोंदणी दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि प्रकल्प वसंत ऋतूत, म्हणजे आपल्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, सादर करायचा असतो. सादर करताना ॲपची फाइल, प्रकल्पाची माहिती, मांडणीची एक छोटी चित्रफीत, ॲप कसे चालते ते दाखवणारी दुसरी चित्रफीत आणि मोठ्या वयोगटांसाठी एक लेखी आराखडा द्यावा लागतो. स्वयंसेवक परीक्षक ऑनलाइन गुण देतात आणि आपला अभिप्रायही लिहितात. जो गट प्रकल्प पूर्ण करून पाठवतो त्याला प्रमाणपत्र मिळते. पालकांची संमती आवश्यक असते, आणि ती मिळवणे वाटते त्यापेक्षा मोठे काम आहे, त्याविषयी पुढे.

या उपक्रमाचे सर्वांत मोठे बलस्थान असे की, तो साधनापासून सुरू होत नाही. आमच्या तालुक्यात आणि आसपास ‘रोबोटिक्स’च्या नावाने जे वर्ग चालतात त्यांत पहिल्या दिवशी मुलांच्या हाती एक तयार संच दिला जातो, चाके आणि सेन्सर जोडायला सांगितले जाते, काळ्या पट्टीवरून धावणारी गाडी तयार होते आणि वर्ग संपतो. गाडी कुणासाठी आणि कशासाठी, हा प्रश्न तिथे कुणी विचारत नाही, आणि मुलांना तो पडतही नाही, कारण गाडी स्वतःच पुरेशी गंमत असते. मुलींना मात्र तो पडतो, असे माझे निरीक्षण आहे. हा काही स्वभावाचा फरक नव्हे. ज्या घरात मुलीच्या प्रत्येक तासाचा हिशेब मागितला जातो त्या घरात ‘हे कशाला करतेस?’ या प्रश्नाचे उत्तर तिला तयार ठेवावेच लागते. टेक्नोव्हेशनच्या पहिल्या काही आठवड्यांत संगणकाला हात न लावता गावातील अडचणींची यादी करायला सांगितले जाते, आणि तिथेच मुलींना हे उत्तर हाती लागते.

आमच्या आठवी-नववीच्या गटाने केलेली यादी मी जपून ठेवली आहे. तिच्यात पाण्याचा टँकर होता, न आलेली एसटी होती, धाकट्या भावंडांच्या लसीकरणाच्या तारखा होत्या, शाळेच्या स्वच्छतागृहाची न लागणारी कडी होती आणि मोसंबीच्या बागेवर पडलेली कोळशी, म्हणजे पाने काळी पाडणारा रोग, हीही होती. मोठ्या माणसांनी केलेल्या ‘ग्रामीण समस्यां’च्या यादीत कडीला जागा मिळाली नसती. बऱ्याच चर्चेनंतर गटाने टँकर निवडला. उन्हाळ्यात आमच्या भागातील अनेक गावांना टँकरने पाणी पुरवले जाते. टँकर सार्वजनिक विहिरीत रिकामा होतो आणि खेप येताच साऱ्या गावाची धाव विहिरीकडे जाते. खेपेची वेळ निश्चित नसते. त्यामुळे घरातले कुणीतरी दिवसभर वाट पाहत थांबते, आणि हे ‘कुणीतरी’ बहुतेक वेळा शाळेत जाणारी मुलगी असते. टँकर गावात शिरला की इतर घरांना लगेच कळवणारे ॲप तयार करावे, असे ठरले.

मुली या विषयाकडे वळल्यावर मी त्यांना धारावीतील मुलींविषयी सांगितले. नवनीत रंजन यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘धारावी डायरी’ या उपक्रमातील मुलींनी याच स्पर्धेच्या निमित्ताने मोबाइल ॲप तयार केली होती. त्यांपैकी ‘पानी है जीवन’ हे सार्वजनिक नळावरील रांगेसाठी होते: आपली पाळी आली की घरी कळावे आणि रांगेत तासन्‌तास उभे राहावे लागू नये, एवढीच त्यामागची कल्पना होती. ‘विमेन फाइट बॅक’ हे दुसरे ॲप मुलींच्या सुरक्षिततेसाठी होते, तर ‘पढाई है मेरा हक’ हे शिक्षणासाठी. परदेशातील विजेत्या गटांच्या चित्रफिती मुलींनी कौतुकाने पाहिल्या आणि विसरल्या. धारावीच्या मुलींविषयी मात्र त्या नंतरही विचारत राहिल्या, आणि त्यांचे प्रश्न प्रेरणेचे नव्हते, कामाचे होते. रांगेतला क्रमांक कोण टाकायचे? ज्या घरात फोन नाही त्या घराचे काय? एखाद्याने खोटाच निरोप पाठवला तर? तंत्रज्ञानाविषयी विचारावेत असे याहून चांगले प्रश्न मला तरी माहीत नाहीत.

ॲप तयार करण्यासाठी बहुतेक नवखे गट ‘ॲप इन्व्हेंटर’ हे साधन वापरतात आणि आम्हीही तेच वापरले. संगणकशास्त्रज्ञ हॅल ॲबेल्सन यांच्या पुढाकाराने ते गूगलमध्ये तयार झाले, २०१० मध्ये लोकांसाठी खुले झाले आणि त्यानंतर अमेरिकेतील एमआयटी या संस्थेकडे गेले. आज्ञा टंकित करण्याऐवजी रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवून आज्ञावली तयार करायची असते. न जुळणारे ठोकळे एकमेकांत बसतच नाहीत. त्यामुळे स्वल्पविराम किंवा कंस राहून गेल्याने सगळे बंद पडण्याचा जो पहिला धसका नवशिक्यांना बसतो, तो इथे टळतो. पडद्यावरची बटणे आणि पाट्या देवनागरीत लिहिता येतात, ही मुलींना फार आवडलेली गोष्ट होती. ‘टँकर आला’ असे बटणावर दिसल्यावर ते ॲप त्यांचे झाले. ज्या शाळेत मुलींची स्वतःची गूगल खाती नाहीत, तिथे खात्याशिवाय प्रवेश घेऊन मिळालेला पुनर्भेटीचा संकेतांक जपून ठेवण्याची सोयही या साधनात आहे; मात्र तो संकेतांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, कारण हरवला तर काम परत मिळवणे अवघड होते.

साधनाची खरी परीक्षा शाळेच्या संगणक कक्षात होते. तयार होत असलेले ॲप फोनवर लगेच पाहायचे असेल तर फोनमध्ये ‘कम्पॅनियन’ नावाचे ॲप घ्यावे लागते आणि संगणक व फोन दोन्ही एकाच वायफायवर असावे लागतात. ही अट शहरात कुणाच्या लक्षातही येत नाही. आमच्याकडे मात्र एका फोनचा हॉटस्पॉट सुरू करून संगणक आणि दुसरा फोन त्याला जोडणे, हाच प्रत्येक तासिकेचा आरंभविधी झाला होता. वीज गेली की संगणक बंद, आणि संगणक बंद झाले की मुली फळ्यावर खडूने ठोकळे काढायच्या. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. फळ्यावर काढलेल्या आज्ञावलीत चूक शोधणे ही उत्तम सवय आहे, आणि संगणकासमोर बसलेल्या मुलांना ती सहसा लागत नाही.

मुख्य तांत्रिक पेच वेगळाच निघाला. एका फोनवर दाबलेल्या बटणाची वार्ता दुसऱ्या फोनला कळवायची तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे इंटरनेटवरील सामायिक साठवण, आणि ॲप इन्व्हेंटरमध्ये त्यासाठी ‘क्लाउडडीबी’ हा घटक आहे. मुलींनी तो वापरून पाहिला आणि तो चाललाही. मग त्यांच्यातल्या एकीने विचारले, ‘‘मॅडम, पण आमच्या आजीच्या फोनमध्ये नेट कुठंय?’’ त्या एका प्रश्नाने आराखडा बदलला. इंटरनेटऐवजी साधा एसएमएस पाठवायचा, म्हणजे बटणांचा फोन असलेल्या घरालाही निरोप मिळेल, असे ठरले. पण प्ले स्टोअरवरून घेतलेल्या कम्पॅनियनमधून थेट एसएमएस पाठवता येत नाही. त्यासाठी ॲपची एपीके, म्हणजे फोनमध्ये बसवता येणारी फाइल, तयार करून ती फोनमध्ये बसवावी लागते आणि परवानगी द्यावी लागते. प्रत्येक छोट्या बदलानंतर पुन्हा फाइल, पुन्हा बसवणे, पुन्हा चाचणी. शिवाय बहुतेक प्रीपेड पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा असते. गावात घरे किती, टँकरच्या खेपा किती, एका फोनवरून किती निरोप जाऊ शकतील, हे गणित मुलींनी वहीत मांडले आणि एका निरोपकर्त्याऐवजी आळीनिहाय निरोपकर्ते नेमण्याचा निर्णय घेतला. अभ्यासक्रमात यातले काहीच लिहिलेले नाही. तरीही अभ्यासक्रमाने समस्या मुलींच्या हाती सोपवली नसती तर त्या इथपर्यंत पोहोचल्या नसत्या, एवढे श्रेय त्याला द्यावेच लागेल.

दुसऱ्या एका गटाने कृत्रिम बुद्धिमत्तेचा मार्ग धरला. ‘टीचेबल मशीन’ हे गूगलचे साधन ब्राउझरमध्येच चालते: दोन-तीन प्रकारची छायाचित्रे द्यायची, त्यांतला फरक यंत्राला ‘शिकवायचा’ आणि मग नवे छायाचित्र दाखवून उत्तर घ्यायचे. जालन्याची मोसंबी प्रसिद्ध असल्याने मोसंबीचे निरोगी पान आणि कोळशी पडलेले पान ओळखणारे साधन करावे असे या गटाला वाटले. पहिल्या चाचणीत यंत्राने अचूक उत्तरे दिली आणि मुलींनी टाळ्या वाजवल्या. शेतात नेल्यावर मात्र सगळीच पाने रोगट ठरू लागली. शोध घेतल्यावर उलगडा झाला की, निरोगी पानांची छायाचित्रे वर्गातील बाकावर ठेवून काढली होती आणि रोगट पानांची बागेत. यंत्राने पान पाहिलेच नव्हते, ते बाक ओळखायला शिकले होते. यंत्राचे उत्तर ज्या माहितीवर उभे असते ती माहिती तपासल्याशिवाय त्याच्यावर विश्वास ठेवू नये, ही बाब त्या मुलींना आता कुणी समजावून सांगण्याची गरज नाही. हा भाग अभ्यासक्रमात चांगला हाताळला आहे. आधी माहिती गोळा करणे, ती वेगवेगळ्या परिस्थितींतून घेणे आणि मग शिकवणे, या पायऱ्या त्यात स्पष्ट आहेत; आमच्या मुलींनी त्यांतली मधली पायरी वाचली, पण घेतली नाही, इतकेच.

लेखी आराखडा आणि चित्रफीत या गोष्टी मला सुरुवातीला अनावश्यक वाटत होत्या. विज्ञान शिकवणाऱ्या व्यक्तीला ‘बाजारपेठ’, ‘वापरकर्ते’ असे शब्द परके वाटतात, आणि आठवीतल्या मुलीने उद्योजिकेसारखे बोलावे अशी अपेक्षा मला आजही थोडी कृत्रिमच वाटते. अमेरिकी वळणाच्या या भागाला उपक्रमात नको तितके वजन आहे, असे माझे मत आहे. तरीसुद्धा त्याचा एक अनपेक्षित लाभ झाला. ॲप कोण वापरणार हे लिहायचे असल्याने मुलींना टँकरचालकाशी, ग्रामसेवकांशी आणि सरपंचांशी बोलावे लागले. ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मुलींनी स्वतःच्या कामासाठी जाऊन प्रश्न विचारणे, आणि समोरच्या मोठ्या माणसाने वहीत डोकावून उत्तर देणे, ही आमच्याकडे रोज घडणारी गोष्ट नव्हे. टँकरचालकाने तर त्यांना असे सांगितले की उशीर होण्याचे मुख्य कारण पाणी भरण्याच्या ठिकाणची रांग हे आहे, आणि त्यामुळे निरोप टँकर भरताना निघाला तरच उपयोगी, विहिरीवर पोहोचल्यावर निघाला तर फार उपयोगाचा नाही. त्याने सुचवलेला बदल मुलींनी केला.

भाषेचा प्रश्न मात्र मोठा आहे आणि तो टाळता येणार नाही. संकेतस्थळावरील अभ्यासक्रम, सूचना आणि उदाहरणे मुख्यतः इंग्रजीत आहेत. ॲप इन्व्हेंटरच्या ठोकळ्यांवरील शब्दही आम्ही इंग्रजीतच वापरले. मराठी माध्यमातील मुलीला ‘इफ’ आणि ‘देन’ कळायला वेळ लागत नाही, पण दोन पानी सूचना वाचून त्यांप्रमाणे कृती करणे तिला जड जाते. हे काम शेवटी मार्गदर्शकावर येते. प्रत्येक आठवड्याचा भाग आदल्या दिवशी वाचून त्याचे मराठी टिपण करून द्यावे लागते, आणि ज्या शिक्षकावर मूल्यमापनाच्या नोंदी, निवडणुकीचे काम आणि शालेय पोषण आहाराचा हिशेब यांचा भार आधीच आहे, त्याने हे किती काळ करावे हा प्रश्न उरतो. चांगले मराठी भाषांतर ही चैन नाही. ते नसेल तर हा उपक्रम ग्रामीण महाराष्ट्रात एखाद्या हौशी शिक्षिकेच्या बळावरच चालेल आणि तिची बदली झाली की थांबेल.

आता सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येते. असे उपक्रम शाळेनंतरच्या वेळेसाठी आखलेले असतात, आणि मुलींच्या बाबतीत नेमकी तीच वेळ सर्वांत महाग असते. आमच्या शाळेतील अनेक मुली आसपासच्या वस्त्यांवरून आणि गावांतून येतात. मानव विकास कार्यक्रमातील निळ्या बसने किंवा अहिल्याबाई होळकर योजनेच्या मोफत पासवर त्या एसटीने प्रवास करतात. काहींना त्याच कार्यक्रमातून सायकल मिळाली आहे. या योजनांनी मुलींना शाळेपर्यंत आणले, हे निर्विवाद आहे. पण बस शाळा सुटण्याच्या वेळेला बांधलेली असते. ती गेली की पुढची बस असेलच असे नाही, आणि अंधार पडल्यावर सायकलवरून एकटीने जाण्यास कोणतेही घर राजी होत नाही. व्हावे असे मीही म्हणणार नाही. मुलगा शाळेनंतर तासभर थांबला तर घरी कुणी विचारत नाही. मुलगी थांबली तर पाणी, स्वयंपाक, धाकटी भावंडे, गोठा, या सर्वांचे वेळापत्रक बिघडते. त्यामुळे पहिल्या आठवड्यात उत्साहाने आलेल्या मुली पुढे का गळतात, याचे उत्तर ‘आवड कमी झाली’ असे देणे हे अन्यायाचे आहे. आमच्याकडे ज्या गळल्या त्या बहुतेक लांबच्या गावांतल्या होत्या, आणि त्यांच्यापैकी एक आमच्या गटातील सर्वांत तल्लख मुलगी होती.

यावर आम्ही काढलेला मार्ग असा होता. शाळेनंतरचा वर्ग बंद केला. मुख्याध्यापकांच्या परवानगीने शनिवारच्या अर्ध्या दिवसातील कार्यानुभवाच्या तासिका या कामासाठी घेतल्या. नववीला ‘जलसुरक्षा’ हा श्रेणीचा विषय आहेच आणि त्यात उपक्रम करावे लागतात. टँकरचा अभ्यास त्या वहीतही बसला. त्यामुळे काम वेळापत्रकाच्या आत आले, बस चुकण्याचा प्रश्न मिटला आणि ‘शाळेचाच अभ्यास आहे’ असे मुलींना घरी खरेपणाने सांगता आले. उपस्थिती लगेच सुधारली. हा उपाय टेक्नोव्हेशनच्या कोणत्याही सूचनेत सापडणार नाही, पण महाराष्ट्रातील शाळांना तो करता येण्याजोगा आहे.

या संदर्भात पुणे जिल्ह्यातील पाबळच्या विज्ञान आश्रमाची आठवण होणे अपरिहार्य आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या या आश्रमातून मूलभूत तंत्रज्ञानाचा जो अभ्यासक्रम शाळांमध्ये गेला, तो आठवड्यातून एक दिवस, शाळेच्या वेळेतच चालवण्यासाठी रचलेला होता. वेल्डिंग, बांधकाम, शेती, आरोग्य, घरातील विजेची कामे हे सारे त्यात मुलामुलींनी एकत्र शिकायचे होते. मुलींना मुद्दाम ‘प्रोत्साहन’ देण्याची भाषा न करता त्यांच्या हाती हत्यार देणारी ती योजना होती. टेक्नोव्हेशनपेक्षा ती जुनी, कमी चकचकीत आणि वेळेच्या बाबतीत कितीतरी शहाणी आहे.

शासकीय पर्यायांचा उल्लेखही करायला हवा. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब २०१६ पासून सुरू झाल्या. निवड झालेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि थ्रीडी प्रिंटर, सेन्सर, इलेक्ट्रॉनिक्सचे संच अशी सामग्री सहावी ते बारावीच्या मुलांना वापरता येते. साधनांच्या बाबतीत टेक्नोव्हेशनची त्याच्याशी तुलनाच होऊ शकत नाही. परंतु मिश्र गटांत मी वारंवार पाहिलेले दृश्य असे आहे की, तारा जोडण्याचे सोल्डरिंगचे हत्यार मुलाच्या हातात असते आणि नोंदवही मुलीच्या हातात. कुणी तशी वाटणी करून दिलेली नसते, ती आपोआप होते. केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाची ‘विज्ञान ज्योती’ ही योजना नववी ते बारावीच्या मुलींसाठीच आहे आणि जवाहर नवोदय विद्यालयांच्या आधाराने चालते. वैज्ञानिकांशी भेटी, प्रयोगशाळांना भेटी आणि जादा मार्गदर्शन यांवर तिचा भर आहे. ज्या मुलीने विज्ञान शाखेचा निर्णय घेतला आहे तिच्यासाठी ती अधिक उपयुक्त आहे. ज्या मुलीच्या मनात तो विचार अजून आलेलाच नाही तिच्यासाठी टेक्नोव्हेशन अधिक चांगले.

केवळ मुलींचा गट कशाला, असा प्रश्न आमच्या शिक्षक-कक्षातही विचारला गेला, आणि मुलग्यांनीही तो विचारला. माझे उत्तर वर आलेच आहे: गटात सगळ्या मुलीच असल्या की नोंदवहीही त्यांच्याकडे आणि माउसही त्यांच्याकडेच. हॉटस्पॉट जोडण्यापासून बिघडलेली की-बोर्डची वायर बदलण्यापर्यंत सगळे त्यांनाच करावे लागते, कारण ‘जरा बघ रे’ म्हणायला शेजारी कुणी नसतो.

खर्चाविषयी प्रामाणिकपणे लिहायला हवे. उपक्रम विनाशुल्क आहे हे खरे, पण फोनचा डेटा, चाचणीसाठी लागणारा अँड्रॉइड फोन, चित्रफीत काढण्यासाठी बरा कॅमेरा आणि ती संकेतस्थळावर चढवण्यासाठी लागणारे जाळे, हे सर्व कुणीतरी पुरवावे लागते. आमच्या गटातील कोणत्याही मुलीकडे स्वतःचा फोन नव्हता. घरातील फोन संध्याकाळी वडील किंवा भाऊ परतल्यावरच मिळायचा. शाळेने चाचणीसाठी एक जुना फोन कायमचा ठेवला तर बराच ताण हलका होतो.

वेळापत्रकाची दुसरी अडचण परीक्षांची आहे. दहावीच्या मुलींना फेब्रुवारी-मार्चमधील बोर्डाच्या परीक्षेमुळे यात ओढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आठवीतल्या मुलींना एनएमएमएस ही केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा असते. नववीच्या मुली सर्वांत मोकळ्या. सादरीकरणाची मुदत वार्षिक परीक्षेच्या आगेमागे येते, म्हणून ॲपचे काम जानेवारीअखेर संपवून फेब्रुवारीत केवळ चित्रफीत आणि लेखन ठेवावे. टँकर सुरू होण्याचा काळही साधारण तोच असल्याने आमच्या गटाला प्रत्यक्ष चाचणी घेता आली, हा निव्वळ योगायोग होता. पावसाळी विषय निवडणाऱ्यांना ती सोय मिळणार नाही.

ज्या शाळेत एक चालू स्थितीतील संगणक कक्ष, आठवड्यातून दोन सलग तासिका आणि इंग्रजी मजकूर मराठीत समजावून सांगण्याची तयारी असलेली एक शिक्षिका आहे, तिने हा उपक्रम जरूर घ्यावा. यांतली एखादी गोष्ट नसेल तर ती आधी जुळवावी आणि मगच नोंदणी करावी. अर्ध्यावर सुटलेला उपक्रम मुलींना घरी ऐकून घ्यायला लावतो, आणि पुढच्या वर्षी त्यांना पाठवायला कुणी तयार होत नाही. शहरातील पालकांनी घरच्या घरी मुलींचा गट करायला हरकत नाही, मात्र विषय मुलींनाच निवडू द्यावा आणि चित्रफितीतील वाक्ये स्वतः लिहून देण्याचा मोह आवरावा. परीक्षकांना ते कळो न कळो, मुलीला कळते.

संमतीपत्राविषयी एक व्यावहारिक सूचना करते. ते इंग्रजीत घरी पाठवू नये. मराठीत एक पान तयार करावे. त्यात वर्ग कोणत्या वारी, किती वाजता सुटेल, मुलगी कोणत्या बसने घरी पोहोचेल, चित्रफितीत तिचा चेहरा दिसेल का आणि ती कुठे ठेवली जाईल, हे स्पष्ट लिहावे, आणि शक्य असेल तर दिवाळीच्या सुट्टीपूर्वीच्या पालकसभेत आईच्याही हाती द्यावे. आमच्याकडे सह्या सर्वांत लवकर आल्या त्या हे पान वाचून दाखवल्यावर, आणि पालकांनी सर्वाधिक वेळा विचारलेला प्रश्न बसच्या वेळेचाच होता.